सोविंदाची पेटी परत मागायला मंडईत

गेल्या आठवड्यात या ब्लॉगच्या एका वाचकाने मला एक फोटो पाठवला. सोबत लिहिलं होतं, "ताई, तुमच्या भंडाऱ्याकडचं आहे. आम्ही दिवाळीनंतर तिकडे जातोय, यावर लिहा ना." फोटोत एका गावाच्या तोंडाशी बांधलेली सिमेंटची नवी कमान आहे, कमानीच्या खांबाला ग्रॅनाइटची पाटी. पाटी म्हणते, या गावचा सुपुत्र सोविंदा याने एकाहत्तरच्या युद्धात छातीवर गोळी झेलून शत्रूचा रणगाडा उडवला, आणि त्याचं पार्थिव गावात आलं तेव्हा त्याच्या पत्नीने त्यावर प्राण सोडले.

सोविंदा हे नाव खरं आहे. तो एकाहत्तरच्या युद्धात गेला, हेही खरं. बाकी सगळं खोटं आहे. त्याची पत्नी सुभद्रा पंचाहत्तरीला आली आहे आणि परवाच फोनवर मला म्हणाली की गुडघे गेले, दात मात्र शाबूत आहेत. मी ती पाटी तिला वाचून दाखवली. ती म्हणाली, "पुन्हा मारलं का मले? लिवा बाई आता तुमी." म्हणून लिहिते आहे. पुढचं सगळं तिला वाचून दाखवलेलं आहे.

गावाचं नाव देणार नाही. सिहोऱ्याच्या पुढे, वैनगंगेच्या अंगाला, एवढं पुरे. आडनावंही देत नाही. माझं आजचं भांडण एका पाटीशी आहे. गावाशी भांडण मी त्र्याऐंशी साली, भर मंडईत करून आले होते. त्या प्रवासाची ही हकीकत.

आधी मंडई म्हणजे काय ते सांगते, कारण पुण्या-मुंबईचे वाचक भाजीमंडई समजतात. आमच्या झाडीपट्टीत दिवाळी संपली की गावोगाव एकेक दिवसाची जत्रा भरते, तिला मंडई म्हणतात. लेकी माहेरी आलेल्या असतात, लवकर पिकणारा हलका धान कापून झालेला असतो, उशिरा येणारा भारी धान अजून उभा असतो, माणसाला थोडी उसंत असते. दुपारी गावच्याच पोरांची दंडार होते, म्हणजे नाच, गाणं आणि सोंगं. बायकांची कामं पुरुषच लुगडं नेसून करतात. रात्री बाहेरच्या मंडळीचं मोठं नाटक. पाहण्यासारखी गोष्ट आहे, जरूर जा. तारखा गावागणिक वेगळ्या असतात. तुमसरच्या बसस्टँडवर कोणत्याही पानठेल्यावर विचारा, कुठे आज मंडई आहे ते लगेच सांगतील.

आता मी का गेले ते. माझा थोरला भाऊ, आम्ही त्याला दादा म्हणायचो, आणि सोविंदा लष्करात एकाच ट्रकवर होते. दोघं ड्रायव्हर. एक चालवायचा, दुसरा शेजारी बसायचा. सोविंदा तलावाखालच्या धानाच्या बांध्यांत वाढलेला. सातवीनंतर शाळा सुटली आणि तो नाकाडोंगरीकडे मॅंगनीजच्या खाणीवर ट्रकचा क्लीनर म्हणून लागला. ड्रायव्हर जेवायला बसला की हा रिकामा ट्रक मागेपुढे करून शिकायचा. भरतीच्या वेळी त्याला विचारलं, काय येतं? तो म्हणाला, ट्रक येते. दादा सांगायचा की अख्ख्या तुकडीत भातासाठी रडणारा तो एकटा. चार चपात्या देऊन एक डाव भात घ्यायचा आणि वर म्हणायचा, चपाती खाल्ली की तोंडाला काम होते, पोटाला नाही. रोवणीच्या, म्हणजे धान लावायच्या, दिवसांत रजा मिळाली नाही की दोन दिवस कुणाशी बोलायचा नाही. लग्नानंतर मात्र रजा कशीही मिळवायचा.

युद्धात हे दोघं तोफांचे गोळे वाहत होते. रात्री, हेडलाइट बंद ठेवून. पुढच्या ट्रकच्या मागल्या चाकांमधल्या आसाच्या फुगवट्याला पांढरा रंग दिलेला असतो आणि त्यावर एक मिणमिणता दिवा असतो, तेवढंच बघत चालायचं. एका कालव्याच्या काठची माती खचली आणि त्यांचा ट्रक उलटला. दादा बाहेर फेकला गेला, त्याचा पाय मोडला. सोविंदा स्टिअरिंगखाली अडकला. कुणाचा जयजयकार त्याने केला नाही. "पाय निंघत नाई गा," एवढंच म्हणत राहिला, आणि उजाडायच्या आत गेला. बाकीचे ट्रक पुढे गेले आणि तोफांना गोळे मिळाले. जे मला माझ्या भावाने सांगितलं ते इतकं आहे, आणि ते पुरेसं आहे. त्यात भर घालायची गरज कुणाला का पडावी हे मला आजही कळत नाही.

पार्थिव गावात आलंच नाही. तिकडेच अग्नी दिला. अस्थी आल्या, नंतर त्याच्या सामानाची लोखंडी पेटी आली. सोबतच्या पत्रात गाडी उलटून मृत्यू असं स्वच्छ लिहिलं होतं. सुभद्रा तेव्हा पोटुशी होती.

पुढच्या दिवाळीच्या मंडईत गावाने सोविंदावर दंडार बसवली. सोविंदाचा थोरला चुलतभाऊ मारोतराव गावचा पाटील आणि मंडईच्या मंडळाचा अध्यक्ष. सुभद्राचा तो भासरा, म्हणजे नवऱ्याचा मोठा भाऊ. त्याने निरोप पाठवला की पेटी एका दिवसापुरती दे, सोंगाला कपडे लागतात. भासऱ्याशी बाई बोलत नाही. समोर आला तर पदर ओढून बाजूला होते. नाही म्हणायची सोयच नव्हती. पेटी गेली. दंडारीच्या आधी ढोलकी, बाजा म्हणजे हार्मोनियम, टाळ असं सगळं मांडून पूजा करतात. त्यात ही पेटी ठेवली, हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. आणि ज्या वस्तूपुढे मंचावर नारळ फुटला ती मंडळाची झाली, ती घरी परत नेली तर घराला दोष लागतो, असा तिथला नियम. रामाचं धनुष्य असंच मंडळाकडे, रावणाचे मुखवटे असेच मंडळाकडे. त्यांनी माणसाची पेटी त्यांच्यातच नेऊन ठेवली. दर दिवाळीला ती मंचावर येत राहिली.

आणि सोंगात शेवटी रडू यायला हवं म्हणून त्यांनी सुभद्राला मारलं. दरवर्षी. नवऱ्याच्या प्रेतावर पडून.

खरी सुभद्रा तोवर बाळंत झाली होती, आणि त्या पहिल्या दंडारीनंतर मुलीला घेऊन माहेरी गेली. दोन वर्षांनी तिचा पाट लागला, म्हणजे विधवेचं दुसरं लग्न. आमच्याकडे शेतकरी घरांत ही रीत जुनी आहे, कुणाला त्यात वावगं वाटत नाही. पण सोविंदाच्या गावाला वाटलं. मंचावर जी सती-सावित्री म्हणून मेली ती खाणीतल्या माणसाचा संसार करते, हे त्यांना सहन होईना.

त्र्याऐंशीच्या दिवाळीत तिचं दादाला कार्ड आलं. मी तेव्हा नागपूरला शाळेत शिकवत होते. कार्डात होतं: "शशी आता मोठी झाली. शाळेतल्या पोट्ट्या म्हणतात तुझी माय त नाटकात मरते, तू कोनाची? पोट्टी मले विचारते, माया बाप खराच होता का नाटकातलाच हाये? यंदा पेटी मागाची हाये. भासऱ्यासमोर मले बोलता येत नाई. शिकलेलं मानूस सोबत पायजे." दादाचा पाय त्या वेळी पुन्हा प्लास्टरमध्ये होता. तो म्हणाला, "तू जा. तुझं तोंड माझ्यापेक्षा बरं चालतं." मी बॅग भरली.

पहिला दिवस. नागपूरहून सकाळची पॅसेंजर, तुमसर रोडला उतरायचं. स्टेशनपासून तुमसर गाव थोडं लांब आहे. तेव्हा टांगा, आता ऑटो. तुमसरहून नाकाडोंगरीची एसटी. त्या काळी सगळं मिळून एका कुटुंबाने एकदा सिनेमा पाहावा इतकाच खर्च होता. आता रस्ते चांगले आहेत, स्वतःची गाडी असेल तर बाकी काही नको. तुमसर सोडलं की धानाच्या बांध्या, मग हळूहळू जंगल, आणि खाणी जवळ आल्या की रस्त्याच्या कडेची पानं काळसर होतात. खिडकीशी बसाल तर रुमाल जवळ ठेवा.

सुभद्रा स्टँडवर उभी होती. ठेंगणी, काटक, लुगड्याचा काष्टा घट्ट. तिने माझी बॅग ओढून घेतली आणि म्हणाली, "एवढ्या बारीक कशा हो बाई तुमी? भांडता येईन का?"

मी म्हटलं, "येईल."

घरी भात, लाखोळीच्या डाळीचं वरण आणि वांग्यात घातलेले सुके झिंगे. त्या जेवणासाठी मी आजही नाकाडोंगरीला जाईन. तिचा नवरा किसन खाणीवरून आला, पाय धुऊन ओसरीवर बसला. मी विचारलं, तुम्ही उद्या येणार ना?

तो म्हणाला, "नाई बाई. मी आलो त भांडन माया होऊन जाईन. लोक म्हनतीन दुसऱ्या नवऱ्यानं पाठवलं. भांडन तिचं हाये. मी भात रांधून ठेवतो."

अकरा वर्षांची शशी दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होती. मला म्हणाली, "पेटीत काय हाये?" मी म्हटलं, मला माहीत नाही. "मंग कायले आणता?" तिने विचारलं. तिच्या आईने चुलीजवळूनच उत्तर दिलं, "तुले दाखवाले."

दुसरा दिवस. परत तुमसर, तिथून सिहोऱ्याकडची बस. मंडईचा दिवस म्हणून बसमध्ये पाय ठेवायला जागा नाही. सुभद्रा आणि मी मागच्या बाकावर कशाबशा. आमच्यापुढे दोन बायका कापलेल्या केसांत नवीन रिबिनी बांधलेल्या नातींना मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

"यंदा सुभद्राचं सोंग कोन घेते वं?"

"दिलीप. गोरा हाये न थो. लुगडं शोभते."

"मांगच्या साली मेली तवा मी लय रडली."

सुभद्राने पुढे वाकून विचारलं, "अन् खरी कुठं हाये?"

"कोन?"

"सुभद्रा."

"मेली न वो माय! दंडार पाह्यली नाई का कधी?"

सुभद्रा मागे टेकली. मी बोलायला तोंड उघडलं तर तिने माझ्या हातावर हात ठेवला. मला त्या बायकांचा राग आला नाही. त्या जे पाहिलं ते सांगत होत्या. राग आला तो ज्यांनी लष्कराचं पत्र वाचलं होतं त्यांचा.

सिहोऱ्याला आलूबोंडा खाल्ला. वर तर्री ओतून देतात; मागू नका, आपोआप ओततात, नको असेल तर आधी सांगा. तिथून पुढे बैलगाड्या आणि सायकलींच्या गर्दीतून पायी. मंडई तलावाच्या पाळीखाली, म्हणजे बांधाखाली, भरलेली. उकडलेल्या शिंगाड्यांचे ढीग, जिलेबीच्या कढया, बांगड्यांची दुकानं, फुगे, ऊस. एका शिंगाडेवालीने सुभद्राला ओळखलं.

"अवं सुभी! तू त मेलती न!"

"उठून आली," सुभद्रा म्हणाली. "शिंगाडे दे."

ती बाई हसली, तिने पसाभर शिंगाडे जास्तीचे टाकले आणि मग आवाज खाली करून म्हणाली, "भासरा मंचावर हाये तुया. सांबाळून."

मंच म्हणजे लाकडी फळ्या, वर मंडप. समोर बायका एका अंगाला, पुरुष एका अंगाला. पहिल्या रांगेत खुर्च्या, त्यांवर तुमसरहून आलेला कुणी पुढारी हार घालून बसलेला. मंचाच्या पुढच्या कडेला गणपतीचा फोटो, ढोलकी, बाजा आणि काळी लोखंडी पेटी. पूजा नुकतीच झालेली. नारळाचं पाणी अजून फळ्यांवरून ठिबकत होतं.

ठरल्याप्रमाणे मी मारोतरावांकडे गेले. सुभद्रा पदर कपाळाखाली ओढून चार पावलं मागे. मी सांगितलं, मी नागपूरहून आले, सोविंदाच्या जोडीदाराची बहीण. ही पेटी सोविंदाच्या मुलीची आहे. द्या.

मारोतराव उंच, पांढऱ्या मिशांचे, अतिशय गोड माणूस. त्यांनी मला खुर्ची दिली, चहा मागवला. म्हणाले, "बाई, तुमी शिकलेल्या. तुमाले का सांगाचं? नारळ फुटला की वस्तू देवाची. तुमी देवळातली घंटा मागान का?"

"घंटा देवळाला कुणीतरी दिलेली असते. ही तुम्ही एका दिवसापुरती मागून आणली होती."

"गावानं त्याचं नाव केलं, बाई. नाई त कोन वळखते सोविंदाले?"

"नाव केलं की खोटं रचलं? तो गाडी उलटून गेला. पत्र तुम्ही वाचलंय."

ते जरा वाकले आणि हळू बोलले, रागाने नाही, समजावणीच्या सुरात. "गाडी पलटून मेला असं दाखवलं त कोन रडंल? गाडी त इथंबी पलटते."

मला उत्तर येत होतं. मी म्हटलं, इथे बैलगाडी उलटून माणूस मेला तर तुम्ही त्याला खांदा देता, त्याच्या छातीवर गोळी रंगवत नाही. तुम्हाला त्याची लाज वाटली, एवढंच आहे. तुम्ही त्याची लाज झाकलीत आणि वर त्याच्या बायकोला मारलंत, कारण ती जिवंत राहिली तर खरं सांगेल. मी बरंच बोलले. आवाज चढला. पुरुषांच्या अंगाने कुणीतरी ओरडलं, "शाळेतली बाई हाये, छडी आणली का?" आणि सगळे हसले. मारोतराव हात जोडून उभे, चेहऱ्यावर तेच गोड हसू. माझं शिक्षण तिथे संपलं. सभ्य माणसाच्या नकाराला धक्का कसा द्यायचा हे कॉलेजात शिकवत नाहीत.

तेवढ्यात हसणं एकदम थांबलं. मी वळून पाहिलं. सुभद्रा मंचावर चढली होती आणि पेटीवर बसली होती.

पूजा झालेल्या वस्तूवर, हळदकुंकवावर, सरळ मांडी ठोकून. मारोतरावांकडे पाठ, पदर तसाच कपाळावर. बायकांच्या अंगाने "अगं माय" असा एकच आवाज उठला. मंचाच्या मागून दिलीप धावत आला, सुभद्राचं सोंग घेतलेला. हिरवं लुगडं, नाकात नथ, तोंडाला गुलाबी पावडर, आणि पंचवीस वर्षांच्या गड्याचे दंड.

"ओ बाई, उठा! माया प्रवेश हाये!"

"कोन वं तू?" सुभद्राने विचारलं.

"मी... सुभद्रा."

"मंग मी कोन?"

खाली हशा पिकला, पण या वेळचा हशा दिलीपवर होता.

मारोतराव खालून मला म्हणाले, "बाई, तिले म्हना उठ."

सुभद्राने ते ऐकलं. भासऱ्याशी ती बोलणार नव्हती. ती दिलीपशी बोलली, सगळ्या मंडईला ऐकू जाईल अशा आवाजात. "पाह्य बाप्पा सुभद्रे, तू माया सोंग घेतलं, म्हंजे थो तुयाबी भासरा होते. त्याच्यासमोर डोक्यावरून पदर घे पयले. घे! लाज नाई का तुले?"

आणि दिलीपने, देवाशपथ सांगते, पदर घेतला.

"आता तुया भासऱ्याले विचार. नाई, विचारू नको, बोलाचं नाई आपल्याले. मीच तुले सांगतो, थो ऐकून घेईन. माया नवरा गोळे घेऊन जात होता. तोफीचे. रातभर, बत्ती बंद करून. ट्रक पलटला. त्याच्या पोट्टीले त्याचा मग पाह्यचा हाये, तो कशात चहा पेत होता थो. तू दरसाल मरतं. मी नाई मेली. मले पोट्टी होती पोटात. तू मरत होती तवा तुया पोटात का होतं? उशी?"

बायका हसल्या नाहीत. पुरुष हसले आणि मग थांबले.

मग काय झालं? गावाचं मन वळलं असं मी लिहिणार नाही. मन वळलं नाही. उशीर झाला. पुढाऱ्याने घड्याळ पाहिलं. त्याला पुढच्या गावच्या मंडईला जायचं होतं. ढोलकीवाल्याने उगाच दोन थापा मारल्या. मागून पोरं ओरडायला लागली, "देऊन टाका न थे पेटी! दंडार चालू करा!" मग सगळेच ओरडायला लागले. बसमधली ती बाईही ओरडत होती, मी पाहिलं तिला. न्याय म्हणून नव्हे. खेळ अडला होता म्हणून. मारोतरावांनी हात हलवला आणि म्हणाले, "न्या. दोष लागला त मंडळाले सांगू नका."

सुभद्रा उठली नाही. दिलीपला म्हणाली, "शर्ट?"

शर्ट सोविंदाचं सोंग घेतलेल्या माणसाच्या अंगात होता. पडद्याआडून त्याने तो काढून दिला. मग ती उठली.

मी मंडळाच्या चिटणिसाला, गावच्याच शाळेतला मास्तर होता तो, कागद काढायला लावला. काय दिलं, काय नाही दिलं, सगळं लिहून घेतलं. मारोतरावांना सही करायला लावली. त्यांनी केली. माझ्याकडे पाहून म्हणाले, "तुमी लय कडक बाई." मी म्हटलं, "हो."

मी पेटीचं एक कडं धरलं आणि निघायला लागले, तर सुभद्रा म्हणाली, "थांबा न बाई. मी कशी मरते थे पाहू द्या एकडाव."

ती बायकांच्या मागे पेटीवर बसून शिंगाडे सोलत दंडार पाहत राहिली. सोविंदाने बनियनवर रणगाडा उडवला. दिलीपने लुगड्याचा पदर फाडला, केस सोडले, गाणं म्हटलं, कोसळला, उठला, पुन्हा गाणं म्हटलं, पुन्हा कोसळला. आजूबाजूच्या बायका डोळे पुसत होत्या. सुभद्रा म्हणाली, "लय वेळ लावते मराले," आणि उठली.

पेटी एसटीच्या टपावर चढवून संध्याकाळी नाकाडोंगरीला पोचलो. भात रांधलेला होता. शशीने पेटी उघडली. बापाचा चहाचा मग घेतला, उलटा करून बघितला, जवळ ठेवला. शर्ट नाकाला लावला आणि लगेच दूर धरला. "याले पावडरचा वास येऊन राह्यला." मग तिला छातीवरचं भोक दिसलं. त्याभोवती लाल रंग. तिने बोट घातलं. "गोळी इथं लागली का?"

"नाई," सुभद्रा म्हणाली. "इथं बिडी लावली. मंडळानं."

तिसरा दिवस. परत येताना मी तुमसरहून मोहाडी-भंडारा मार्गे बस घेतली. मोहाडीला त्या दिवशी आठवडी बाजार होता. बस बाजारात शिरली की अर्धा तास गेला समजा, तुम्ही जाल तेव्हा वार विचारून घ्या. त्या अर्ध्या तासात मी खिडकीतून धानाची पोती, कोंबड्या आणि माणसं पाहत बसले. कुणीही माझं काही केलं नव्हतं, तरी मला प्रत्येकाशी भांडावंसं वाटत होतं.

घरी दादा पाय उशीवर ठेवून वाट पाहत होता. त्याने विचारलं, "रडली का ती?" मी म्हटलं, नाही. त्याने विचारलं, "बूट मिळाले?" मी म्हटलं, नाही. तो म्हणाला, "बूट त्याला मोठे होते. कापूस कोंबून घालायचा." आणि भिंतीकडे तोंड करून झोपला.

या प्रवासातून काय राहिलं असं प्रवासवर्णनाच्या शेवटी लिहायची पद्धत आहे. माझ्यात राग राहिला आणि तो कमी झालेला नाही. साध्या मरणाची लाज वाटणारी माणसं मी त्यानंतरही खूप पाहिली, शहरात जास्त. धान पेरणारा, ट्रक चालवणारा, भातासाठी हट्ट करणारा एक माणूस युद्धात आपलं काम करताना मेला. एवढं कुणालाच पुरलं नाही. तुम्ही तिकडे जा, मंडई बघा, शिंगाडे खा, वैनगंगेवर जा. कुणी सोविंदाची गोष्ट सांगितली तर त्याला सांगा की तो ड्रायव्हर होता.

मंचाजवळ लिहून घेतलेला कागद माझ्याकडे आहे. शब्द मी सांगितले, अक्षर चिटणिसाचं, सही अध्यक्षांची. जसाच्या तसा उतरवते:

मंडळाकडून श्रीमती सुभद्राबाई यांना, मुलगी शशिकला हिच्याकरिता, आज मंडईच्या दिवशी दिलेल्या वस्तू:

लोखंडी पेटी, काळी, कडी मोडलेली, एक.
हिरवा शर्ट, एक. दोन बटणे मूळची, बाकी मंडळाने लावलेली. डाव्या छातीवर भोक व लाल रंग, दोन्ही मंडळाने केलेले.
पत्र्याचा मग, एक.
जेवणाचा डबा, झाकण नाही.
फोटो, सोविंदा व त्याचा जोडीदार ट्रकपुढे उभे, एक.

न दिलेल्या वस्तू: बूट, सोंगात झिजले. कांबळे, अध्यक्षांच्या घरी वापरात आहे, ते देणे नाही म्हणतात.

पेटीच्या झाकणावर पांढऱ्या रंगाने सोविंदाचे नाव आहे. नावाच्या आधी ड्रायव्हर असे लिहिलेले होते, त्यावर मंडळाने काळा रंग मारला आहे. पेटी उजेडात तिरपी धरली असता तो शब्द वाचता येतो. सर्वांसमक्ष वाचला.